उसन्या विजयाचा आरोप

1 जानेवारी 2018 रोजी इंदूरला दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव करून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. 1957-58 पासून खेळणाऱ्या संघाला त्यासाठी साठ वर्षं लागली. तरी इकडे अमळनेरात क्रिकेटचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘मुंबईचा कोच आणला, मुंबईचा बॅट्समन आणला आणि जिंकले. त्यात विदर्भाचं काय?’

गाव तत्त्वज्ञान मंदिराचं आहे, तेव्हा आधी पूर्वपक्ष नीट मांडू. कोच चंद्रकांत पंडित आणि बॅट्समन वासिम जाफर दोघेही मुंबईचे. विजयी चौकार जाफरचाच. पुढे 2021-22 मध्ये पंडितांनी मध्य प्रदेशालाही पहिलं अजिंक्यपद मिळवून दिलं. म्हणजे आक्षेप अगदीच पोकळ नाही.

पण धावफलक वेगळं सांगतो. दिल्लीचे सहा गडी 59 धावांत टिपून हॅटट्रिक करणारा रजनीश गुरबानी नागपूरचा, आणि शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर! रणजी अंतिम सामन्यात त्याआधी अशी हॅटट्रिक फक्त तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमने केली होती. उपांत्य सामन्यात कर्नाटकाला पाच धावांनी हरवलं, तेव्हा दुसऱ्या डावात सात बळी त्याचेच. अंतिम सामन्यात विदर्भाच्या 547 धावांत जाफरच्या 78. नागपूरच्याच अक्षय वाडकरच्या 133, आणि तेही त्याचं पहिलंच प्रथम श्रेणी शतक. कोच दिशा देतो, बाहेर जाणारा चेंडू त्याला टाकता येत नाही.

शिवाय उसनवारीचा हिशेब मांडायचाच तर जुना मांडा. नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू इंदूरच्या होळकरांकडे गेले, आणि होळकर संघाने 1945-46 ते 1952-53 या काळात चार वेळा रणजी जिंकली. तो विजय नागपूरकडून उसना घेतला, असं इंदूरला कोणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पंडित आणि जाफर गेल्यावरही, 2024-25 मध्ये विदर्भ पुन्हा जिंकला. तेव्हाही करुण नायर बाहेरचा होताच. पण कर्णधार वाडकर होता, आणि हर्ष दुबेने एका मोसमात 69 बळी घेऊन रणजीचा विक्रम मोडला.

आपला खानदेश येतो महाराष्ट्र संघात. देवधरांच्या नेतृत्वाखाली त्या संघाने 1940-41 मध्ये करंडक जिंकला, तो शेवटचा. बाहेरून कोच आणायला आपल्यालाही कोणी बंदी केलेली नव्हती.