रस्ता शहराचा, बिल घरमालकाला: वॉशिंग्टन आणि मुंबई, १८७१



अमेरिकेत घर घेतलेल्यांना 'स्पेशल असेसमेंट' हे प्रकरण कधी ना कधी भेटतंच. समोरचा रस्ता उकरून नवा केला, फुटपाथ घातला, ड्रेनेज बदललं, की त्या खर्चाचा काही हिस्सा रस्त्याला लागून असलेल्या घरं-दुकानांवर बसतो. नेहमीच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या वर, वेगळा. तर्क सरळ आहे. रस्ता सुधारला की तुमच्या जागेची किंमत वाढते, मग थोडा भार तुम्हीही उचला. या तर्काला फारसं कुणी नाही म्हणत नाही. भांडण लागतं ते एस्टिमेट एक आणि शेवटचा आकडा दुसराच निघाला की.

हे भांडण दीडशे वर्षांपूर्वी, जवळपास एकाच वेळी, दोन शहरांत टोकाला गेलं होतं. एक वॉशिंग्टन आणि दुसरं चक्क आपली मुंबई. दोन्हीकडे एक धडाडीचा माणूस, दोन्हीकडे खर्च हाताबाहेर, दोन्हीकडे कर भरणारे खवळलेले. शेवट मात्र अगदी उलटा झाला. लोकशाहीच्या राजधानीतल्या लोकांनी आपलं मत गमावलं, आणि इंग्रजांच्या राज्यात असलेल्या मुंबईकरांना ते (निदान काहींना) मिळालं.

आधी वॉशिंग्टन. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) सैन्याच्या गाड्यांनी तिथल्या रस्त्यांची पार वाट लागली होती. त्यात लोकसंख्या वाढलेली: डिस्ट्रिक्टमध्ये १८६० साली ७५ हजार माणसं होती, ती १८७० पर्यंत १ लाख ३१ हजारांवर गेली. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, आणि शहराच्या मधोमध एक कालवा, ज्याचं उघडं गटार झालेलं. राजधानी दुसऱ्या शहरात हलवावी अशी मागणी जोर धरू लागली होती.

फेब्रुवारी १८७१ मध्ये काँग्रेसने तिथे नवीन सरकार बसवलं. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला गव्हर्नर, लोकांनी निवडलेलं एक सभागृह, आणि वेगळं 'बोर्ड ऑफ पब्लिक वर्क्स'. त्या बोर्डाचा सर्वेसर्वा होता अलेक्झांडर शेपर्ड. धंद्याने प्लंबर, पुढे बिल्डर झालेला, वय पस्तीसच्या आसपास. कायद्याने बोर्डाला मुभा दिली होती की रस्त्याच्या खर्चाचा एक तृतीयांशापर्यंत हिस्सा लगतच्या मालमत्तांवर लावावा.

शेपर्डचा प्लॅन होता साधारण ६६ लाख डॉलरचा. त्यातले ४० लाख कर्ज काढून, बाकीचे मुख्यतः मालमत्ताधारकांकडून. कर्जाला मतदारांनी मोठ्या बहुमताने होकार दिला आणि काम सुटलं ते असं की विचारू नका. शहरभर एकदम खोदकाम. रस्त्यांचा चढ-उतार सपाट करताना कित्येक घरं रस्त्यापासून उंचावर लटकली, तर कित्येक रस्त्याच्या खाली गेली. दारापर्यंत जिना बांधायचा खर्च पुन्हा घरमालकाचाच. जुना नॉर्दर्न लिबर्टी बाजार सप्टेंबर १८७२ मध्ये रात्रीतून पाडला, त्यात दोन माणसं दगावली. त्या रात्री स्थगिती देऊ शकेल अशा न्यायाधीशाला शेपर्डने गावाबाहेर आपल्या घरी जेवायला नेऊन ठेवलं होतं, असं सांगतात. 

कामं खोटी नव्हती, हेही खरं. कालवा बुजला, गटारं जमिनीखाली गेली, दिवे आले, ६० हजार झाडं लागली. आज वॉशिंग्टनला जाऊन आपण त्या रुंद, सावलीच्या रस्त्यांचे फोटो काढतो, त्याचा पाया तेव्हाच घातला गेला. पण घाईत लाकडी ठोकळ्यांची फरसबंदी केली होती, ती थोड्याच वर्षांत कुजायला लागली. म्हणजे घरमालक ज्या रस्त्याचं बिल भरत होता तो रस्ता बिल फिटण्याआधीच उखडत होता. बोर्डाच्या बैठका नावापुरत्या, निर्णय एकट्या शेपर्डचा. रोख संपली तशी कंत्राटदारांच्या हातात सर्टिफिकिटं ठेवली जाऊ लागली. आपल्या भाषेत, बजेट नाही, चेंज कंट्रोल नाही, आणि प्रोजेक्ट मॅनेजर कुणाला रिपोर्ट करतो तेच कळत नाही!

करदात्यांच्या तक्रारीवरून काँग्रेसने १८७२ साली चौकशी केली आणि कर्जाला एक कोटीची मर्यादा घातली. खर्च थांबला नाही. सप्टेंबर १८७३ मध्ये 'जे कुक अँड कंपनी' बुडाली आणि देशभर मंदी पसरली. डिस्ट्रिक्टचा गव्हर्नर हेन्री कुक हा त्याच जे कुकचा भाऊ. त्याने पद सोडलं आणि त्या जागी कोण आला? शेपर्डच. पुढच्या वर्षी दुसरी चौकशी झाली तोवर खर्च मूळ अंदाजाच्या जवळपास तिप्पट झाला होता. शेपर्डने स्वतः पैसे खाल्ल्याचं सिद्ध झालं नाही. पण शहर दिवाळखोर झालं होतं.

आता खरी गंमत. काँग्रेसने जून १८७४ मध्ये ते बोर्डही गुंडाळलं आणि लोकांनी निवडलेलं सभागृहही. कारभार तीन नेमलेल्या कमिशनरांकडे गेला. शहराचं कर्ज ५० वर्षांच्या नव्या रोख्यांत बदललं, व्याज ३.६५ टक्के, म्हणजे १०० डॉलरला रोज एक सेंट. १८७८ च्या कायद्याने हीच व्यवस्था कायम केली आणि त्याबदल्यात शहराचा निम्मा खर्च केंद्र सरकारने उचलला. बड्या मालमत्ताधारकांना हा सौदा फारसा जड गेला नाही. त्यामागे आणखी एक कारण होतं. १८६७ पासून तिथे कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क मिळाला होता. ज्यांच्याकडे घर नाही ते कर्जाला मत देतात आणि बिल आम्ही भरतो, ही कुरकुर श्रीमंत गोऱ्या घरमालकांत होतीच. बिल हलकं झालं, मत गेलं. आपलं शहर सरकार निवडण्याची संधी वॉशिंग्टनकरांना पुन्हा मिळाली ती १९७४ साली. बरोब्बर शंभर वर्षांनी!

आता मुंबई. गोष्ट त्याच युद्धापासून सुरू होते. अमेरिकेचा कापूस बंद पडल्यावर मँचेस्टरच्या गिरण्या आपल्या कापसावर चालू लागल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि शेअरचा फुगा फुटला. नेमक्या त्याच वर्षी नव्या कायद्याखाली आर्थर क्रॉफर्ड मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर झाला. हाही शेपर्डसारखाच झपाटलेला. रस्ते रुंद करणं, गटारं, बाजार, साफसफाई. क्रॉफर्ड मार्केट १८६९ मधलं, आता आपण त्याला महात्मा फुले मंडई म्हणतो. शहर सुधारत होतं, पण ज्यांनी लगाम धरायचा ते 'जस्टिस ऑफ द पीस' सरकारने नेमलेले. खर्च फुगत गेला आणि घरपट्टीचा भार मंदीत होरपळलेल्या घरमालकांवर.

१८७१ मध्ये भडका उडाला. जस्टिसांच्या सभेत जेम्स फोर्ब्स यांनी तोफ डागली, नौरोजी फर्दुनजी यांनी करदात्यांची बाजू लावून धरली. क्रॉफर्डला जावं लागलं. त्याच वर्षी २६ वर्षांचे फिरोजशहा मेहता एका जाहीर सभेत उभे राहिले आणि त्यांनी चक्क क्रॉफर्डच्या कामाची बाजू घेतली. लोकांनी हुर्यो उडवली. त्यांचं म्हणणं असं होतं, की दोष एका माणसाचा नाही, रचनेचा आहे. अधिकाऱ्याला काम करू द्या, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेली सभा ठेवा. १८७२ च्या कायद्याने ६४ जणांचं कॉर्पोरेशन आलं, त्यातले ३२ करदात्यांनी निवडायचे. अर्थात मत फक्त वर्षाला किमान ५० रुपये कर भरणाऱ्यांना. चाळीतला भाडेकरू, ज्याच्या भाड्यातून तो कर निघायचा, तो बाहेरच. तरी दार किलकिलं झालं.

मला यातून दिसतं ते असं. दोन्ही शहरांत घरमालकांचा राग रास्तच होता. वॉशिंग्टनमध्ये प्रश्न विचारला गेला, "बिल कमी कसं होईल?" मुंबईत विचारला गेला, "खर्चावर सही कोण करणार?" पहिल्या प्रश्नाला सूट मिळाली, दुसऱ्याला हक्क.

हे आपल्याला का लागू आहे? आपल्यातले बरेच जण व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत. घर आहे, टॅक्स भरतो, पण बहुतेक ठिकाणी मत नाही. म्हणून नोटीस आली की आपण चरफडत चेक फाडतो. पण असेसमेंटवर हरकत घ्यायचा हक्क साधारणपणे मालमत्तेच्या मालकाचा असतो, त्याला मतदार असावं लागत नाही. मिनेसोटात सुनावणीच्या आधी किंवा सुनावणीतच लेखी, सहीनिशी हरकत दिली तरच पुढे कोर्टात जाता येतं, तेही असेसमेंट मंजूर झाल्यापासून ३० दिवसांत. कॅलिफोर्नियात १९९६ च्या प्रपोझिशन २१८ पासून अशा असेसमेंटसाठी मालकांना बॅलट पाठवावं लागतं, आणि पैशाच्या हिशोबाने विरोध जास्त झाला तर आकारणी करता येत नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, तेव्हा आपापल्या गावचे नीट वाचा.

मत नसलं तरी ती एक सही आपल्याकडे आहे. नोटीस टपालाच्या ढिगात टाकू नका. सुनावणीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि जाऊन विचारा: मूळ अंदाज किती होता, तो का वाढला, आणि वाढीला मंजुरी कुणी दिली?