डीएनए बारकोडिंग: एकसारखे दिसणारे मासे कसे ओळखतात?

मोबाईलमध्ये एकाच नावाने दोन नंबर सेव्ह असले की मेसेज भलत्यालाच जातो. कावेरी नदीतल्या महसीर माशांच्या बाबतीत अनेक वर्षं असंच झालं.

नेमकं काय घडलं?

कावेरीचा खास मासा म्हणजे कुबड असलेला, नारिंगी परांचा महसीर. १९४६ मध्ये तिच्या काबिनी या उपनदीत असा ५४ किलोचा मासा गळाला लागला होता! दुसरा महसीर निळसर परांचा, टोर खुद्री. त्याची शास्त्रीय नोंद १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून झाली. लोणावळ्यात त्याची पिल्लं तयार करून ती कावेरीसह अनेक नद्यांत सोडली गेली. हेतू चांगलाच होता, पण नोंदीत दोघंही नुसते ‘महसीर’. १९९८ ते २०१२ च्या गळ-मासेमारीच्या नोंदी तपासल्यावर कळलं, की महसीरांचा एकूण आकडा वाढत होता आणि कुबडवाला मात्र जवळपास दिसेनासा झाला होता.

त्याला नक्की शास्त्रीय नावही नव्हतं. २०१८ मध्ये शरीररचना आणि डीएनए तपासून संशोधकांनी दाखवलं, की हा टोर रेमादेवी. त्याच वर्षी आययूसीएनच्या लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला.

बारकोडिंग कसं चालतं?

१. माशाच्या पराचा छोटा तुकडा घेतात. मासा जिवंत राहतो.
२. त्यातल्या सीओआय जनुकाची साधारण ६५० अक्षरं (ए, टी, जी, सी) वाचतात.
३. ती जेनबँकसारख्या डेटाबेसशी जुळवून पाहतात.

यात अडचण काय?

सीओआय फक्त आईकडून येतं. त्यामुळे संकर झालेला मासा आईच्याच जातीचा दिसतो. ते पकडायला केंद्रकातला डीएनएही तपासावा लागतो. शिवाय डेटाबेसमध्येच नाव चुकीचं असेल, तर उत्तरही चुकणार.

म्हणून पिल्लं तयार करण्याआधी नर-मादीची जात तपासणं आणि ज्या नदीचे मासे त्याच नदीत सोडणं गरजेचं आहे.

तुम्ही काय करू शकता?

मासा दिसला तर बाजूने, डोक्यापासून शेपटीपर्यंत पूर्ण फोटो काढा. नदीचं नाव आणि तारीख लिहा. ॲपने सुचवलेलं नाव लगेच खरं मानू नका. आणि बाहेरून आणलेला मासा नदीत कधीच सोडू नका. फोनमधला चुकीचा नंबर डिलीट करता येतो, नदीत सोडलेला मासा परत काढता येत नाही.