प्रमाणबद्ध विमान-प्रतिकृती : ओझरचे मिग-२१ आणि त्याचा उघडा अंतर्भाग

खऱ्या विमानाची सगळी मापे एकाच प्रमाणात लहान करून बनवलेले, आणि कॉकपिट, इंजिन किंवा चाकांचे कप्पे बाहेरून दिसावेत म्हणून मुद्दाम उघडे ठेवलेले स्थिर मॉडेल. ते उडत नाही. एअरोमॉडेलिंगच्या या शाखेला स्टॅटिक मॉडेल म्हणतात. एनसीसीच्या हवाई शाखेतल्या छात्रांची एअरोमॉडेलिंगशी पहिली ओळख होते ती बहुधा याच मॉडेलांमधून.

प्रतिकृती करण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारे प्रत्येक मूल हेच काम करत असते. फरक प्रमाणाचा. किल्ल्यावरचा मावळा महादरवाजापेक्षा उंच असला तरी कोणाला खटकत नाही, उलट तसाच तो शोभतो. प्रमाणबद्ध मॉडेलात ही मोकळीक नसते. पंख ज्या प्रमाणात लहान झाला, त्याच प्रमाणात वैमानिकाच्या पट्ट्याचे बक्कलही लहान व्हावे लागते.

विमानांसाठी १:७२, १:४८ आणि १:३२ ही प्रमाणे रूढ आहेत. ती इंच-फुटांच्या हिशेबातून आली. १:७२ म्हणजे सहा फुटांचा एक इंच, १:४८ म्हणजे एका फुटाचा पाव इंच. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे विमान दुरून ओळखण्याचा सराव व्हावा म्हणून १:७२ प्रमाणाची मॉडेले मोठ्या संख्येने बनवली गेली आणि ते प्रमाण पक्के झाले. मिग-२१च्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर. १:७२मध्ये तो ९९ मिलिमीटर, म्हणजे तळहातावर मावेल एवढा होतो; १:४८मध्ये १४९ आणि १:३२मध्ये २२३ मिलिमीटर. आतला भाग दाखवायचा असेल तर १:४८ सर्वांत सोयीचे. १:७२मध्ये घड्याळाएवढी डायल जेमतेम एक मिलिमीटरची उरते, आणि १:३२ला कपाटात जागा पुरत नाही.

नाशिकच्या संदर्भात या विषयाला वेगळे वजन आहे, कारण खरे विमान इथेच बांधले जाई. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना १९६४मध्ये उभा राहिला, तो मिग-२१ बांधण्यासाठीच. त्या वेळी संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि १९६३च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. काम तीन ठिकाणी वाटले होते : विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. ओझरमधून आधी मिग-२१ एफएल, मग एम, मग बिस हे प्रकार बाहेर पडले. पुढे मिग-२७ आणि २००४पासून सुखोई-३० एमकेआय इथे तयार होऊ लागले. नाशिक जिल्ह्यातल्या दोन पिढ्यांनी द्राक्षबागेत काम करताना मान वर करून ही विमाने पाहिली आहेत. पोटाकडून पाहिलेले विमान ओळखीचे असते. त्याच्या आत काय आहे ते मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. उघड्या अंतर्भागाचे मॉडेल त्यासाठीच करायचे.

बाजारात मिळणारी मिग-२१ची चांगली किट बहुतेक परदेशी आहेत. चेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्डने १:४८ प्रमाणात पीएफ, पीएफएम, एमएफ, बिस असे प्रकार वेगवेगळे काढले, आणि आजही मापांच्या अचूकतेसाठी याच मालिकेचे नाव घेतले जाते. पण पेटीतून निघते ते ओझरचे विमान नव्हे. ते तसे व्हावे यासाठी बनवणाऱ्याला अभ्यास करावा लागतो, आणि त्या अभ्यासाची सुरुवात कॉकपिटपासून होते. पंखांवर तिरंगी वर्तुळ चिकटवले की विमान भारतीय होते, ही समजूत चुकीची आहे.

हवाई दलात आणि कारखान्यात एफएलला 'टाइप ७७', एमला 'टाइप ९६' आणि बिसला 'टाइप ७५' म्हणत. दुरून हे तिन्ही सारखे दिसतात. कॅनोपी (कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण) उघडली की फरक लपत नाही. टाइप ७७ची कॅनोपी पुढच्या बिजागरीवर उघडते. समोरची काचही तिच्याच बरोबर उचलली जाते आणि मागची कड आभाळाकडे जाते. या जुन्या रचनेत वैमानिक बाहेर फेकला गेला की कॅनोपी ढालीसारखी त्याच्या अंगावर राहून वाऱ्याच्या तडाख्यापासून त्याला वाचवे. टाइप ९६ आणि ७५मध्ये ही पद्धत सोडून दिली. तिथे समोरची काच जागेवर पक्की असते, कॅनोपी उजवीकडे कलंडते आणि आसनही निराळे, केएम-१ जातीचे असते. म्हणून टाइप ७७ची कॅनोपी उजव्या बाजूला उघडून ठेवलेले मॉडेल, त्याचा रंग कितीही सुरेख असला तरी, चुकलेलेच. एफएल करायचे असेल तर पीएफचे किट घ्यावे. एमएफचे घेऊन कापाकाप करण्यात हशील नाही, कारण पाठीवरचा फुगवटाही जुळत नाही.

बायसन हा बिसचाच सुधारित अवतार, आणि सुधारणेचे कामही बहुतेक ओझरलाच झाले. त्याची समोरची काच अखंड आहे, मधल्या चौकटी गेल्या आहेत, आणि शेपटीवरच्या क्रमांकाआधी 'सीयू' ही अक्षरे येतात. साध्या बिसच्या किटमधून बायसन करणाऱ्याला ही काच स्वतः घडवावी लागते : लाकडाचा साचा कोरायचा, पारदर्शक पत्रा तापवून त्याच्यावर ओढायचा, आणि पाचसहा फुकट गेल्यावर एक मनासारखा मिळतो.

घरबांधणीत आधी बाहेरच्या भिंती उभ्या राहतात आणि आतली सजावट शेवटी होते. इथे नेमके उलटे आहे. विमानाचे धड डाव्या-उजव्या दोन फाकांचे असते. त्या फाका एकदा चिकटल्या की आत हात जात नाही. त्यामुळे कॉकपिटचे रंगकाम, वायरिंग, आसन, पट्टे हे सगळे आधी पूर्ण करून, वाळवून, मग धड मिटायचे. मिग-२१मध्ये जागाही फार अपुरी. हवा नाकातून आत शिरते, कॉकपिटच्या दोन्ही अंगांनी वाहते आणि मागे एकत्र होऊन इंजिनात जाते. म्हणजे वैमानिक हवेच्या दोन बोगद्यांच्या मध्ये बसलेला असतो. रेझिनचे तयार कॉकपिट घातले तर धडाची आतली बाजू कानशीने इतकी पातळ करावी लागते की दिव्यासमोर धरल्यावर प्लास्टिकमधून उजेड दिसू लागतो. डिंक न लावता निदान चार वेळा जुळवून पाहिल्याशिवाय काही चिकटवू नये.

जाडीचा प्रश्न सगळ्यात चिवट आहे. किटच्या प्लास्टिकची जाडी साधारण एक मिलिमीटर असते. १:४८च्या हिशेबात ती जवळजवळ पाच सेंटिमीटरची भिंत झाली, आणि खऱ्या विमानाचा पत्रा एक-दोन मिलिमीटरचाच असतो. बंद मॉडेलात हे कळत नाही. पण कॅनोपी उघडली, एखादे झाकण काढून आतली यंत्रे दाखवली, की त्या जाड कडा सगळा भास मोडतात. उपाय एकच, उघडी राहणारी प्रत्येक कड आतून तिरपी घासत न्यायची. पितळेचा कोरीव पत्रा यासाठीच आला. रसायनाने कोरलेला हा पत्रा कागदाइतका पातळ असतो आणि त्यातून खटके, बक्कले, पॅनेलच्या चौकटी सुट्या करून घेता येतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या नाशिकला पितळेचा स्वभाव सांगायला नको : वाकवायच्या आधी मेणबत्तीवर हलकेच तापवला तर पत्रा मऊ पडतो आणि घडीवर तुटत नाही.

उपकरणांचे पॅनेल असे करतात. सर्वांत मागे डायल छापलेली पारदर्शक फिल्म, तिला मागून पांढऱ्या रंगाचा एक हात. तिच्यावर गोल भोके असलेला, काळा रंगवलेला पितळी पत्रा. दोन्ही जुळले की काडीच्या टोकाने प्रत्येक भोकात पारदर्शक वॉर्निशचा एकेक थेंब सोडायचा; वाळल्यावर तीच डायलची काच. मिग-२१च्या पॅनेलवर मधोमध एक उभी पांढरी रेघ असते. ती शोभेची नाही. विमान गिरक्या घेत खाली जाऊ लागले की दिशाभान हरपलेल्या वैमानिकाने दांडा त्या रेघेच्या रोखाने पुढे ढकलायचा, म्हणजे तो नेमका मध्यावर येतो. १:४८मध्ये ती रेघ केसभर जाडीची होते. ती वाकडी आली तर पुसून पुन्हा काढावी, कारण हे कॉकपिट समजून केले आहे की नुसते रंगवले आहे, हे जाणकार त्या रेघेवरून ठरवतो.

खांद्याचे पट्टे मास्किंग टेपचे किंवा शिशाच्या वर्खाचे करावेत. खरा पट्टा चारेक सेंटिमीटर रुंद असेल तर १:४८मध्ये तो एक मिलिमीटरही भरत नाही. तो आसनावर सपाट चिकटवण्यापेक्षा एका बाजूला किंचित घसरलेला ठेवावा; आत्ताच कोणी उठून गेले असे वाटते. आसनाच्या बाजूच्या नळ्या आणि तारा यांसाठी घरातली फ्यूज वायर पुरते. महागड्या संचांची गरज आहे असे प्रस्तुत लेखकाला कधी वाटले नाही.

रंगाबाबत मात्र घाई नको. सोव्हिएत विमानांच्या कॉकपिटचा हिरवट निळा रंग प्रसिद्ध आहे. वैमानिकाच्या डोळ्यांना आणि मनाला तो शांत ठेवतो, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. पण सगळ्या मिग-२१मध्ये तो नव्हता, जुन्या विमानांत करड्या छटाही होत्या. चौकात किंवा संग्रहालयात उभ्या केलेल्या विमानांवर पुढे हाताला येईल तो रंग मारलेला असतो, म्हणून तिथला फोटो पुरावा धरू नये. सेवेत असतानाचा फोटो शोधावा. रंग पुरता वाळला की पातळ तपकिरी-काळे पाणी कोपऱ्यांत सोडतात आणि उंचवट्यांवर जवळजवळ कोरडा ब्रश फिरवतात. एवढ्याने एरवी न दिसणारे खटके उठून येतात. नाशिकच्या हवेत एअरब्रशचे काम दिवाळीनंतर शिवरात्रीपर्यंत उरकलेले बरे. पावसाळ्यात लॅकर फवारला तर हवेतल्या दमटपणाने पांढुरका पडतो, आणि एप्रिल-मेमध्ये रंग नळीच्या तोंडाशीच सुकतो, शिवाय धूळ बसते ती वेगळीच.

बाहेरच्या अंगाविषयी थोडक्यात : सुरुवातीचे एफएल उघड्या ॲल्युमिनियमच्या रंगात असत. हा रंग सर्वांत अवघड, कारण लांबी भरून घासलेल्या जागेवरचा एकही ओरखडा तो झाकत नाही. १९७१च्या युद्धाच्या सुमारास अनेक विमानांवर छद्मरंग चढला. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटे डागणाऱ्या २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे मिग करायचे असेल, तर पंखाखालच्या प्रत्येक रॉकेट-पेटीच्या तोंडाशी १६ भोके पाडायची तयारी हवी.

दोन गोष्टी विसरल्या की महिन्यांची मेहनत वाया जाते. पहिली, नाकातले वजन. मॉडेलचा भार मागे असतो आणि ते शेपटीवर बसते. नाकाच्या शंकूत शिशाचे छर्रे ठासले की तोल येतो, पण तेही धड मिटण्यापूर्वीच. दुसरी, कॅनोपीचा डिंक. झटपट चिकटणाऱ्या सायनोअॅक्रिलेटच्या वाफेने काच आतून धुरकट होते आणि ती पुसता येत नाही. सगळे कॉकपिट त्या धुक्याआड जाते. कॅनोपीला पांढरा फेव्हिकॉलच लावावा. तो सावकाश वाळतो, पण पारदर्शक होतो.

अंतर्भाग दाखवण्याची याहून मोठी रीतही आहे, ती म्हणजे शेपूट सुटी केलेले विमान. खऱ्या मिग-२१चे धड पंखांच्या मागे एका जोडावर वेगळे होते. बोल्ट सोडून मागचा अर्धा भाग गाडीवर घेतला की इंजिन पूर्ण उघडे पडते आणि मागून ओढून काढता येते. दुरुस्तीच्या हँगरात दिसणारे हे दृश्य मॉडेलात क्वचितच कोणी करते, कारण इंजिनावरच्या नळ्यांचे जाळे हाताने गुंफावे लागते. पण ओझरचे मॉडेल म्हणून याच्याइतके खरे दुसरे नाही : ओझरचे धड आणि कोरापुटचे इंजिन शेजारी-शेजारी, आणि मध्ये १:४८च्या मापाने साडेतीन सेंटिमीटर उंचीचा एक कामगार.

मिग-२७ हवाई दलातून डिसेंबर २०१९मध्ये निवृत्त झाले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१चा शेवटचा निरोपसमारंभ झाला. १९६३मध्ये त्याच तळावर ते पहिल्यांदा आले होते. आता माप घ्यायला आणि फोटो काढायला उरतील ती चौथऱ्यांवर चढवलेली विमाने. त्यांच्या कॅनोपी सील केलेल्या असतात, काचा उन्हाने पिवळ्या पडतात, आतली उपकरणे आधीच काढून घेतलेली असतात. ज्यांनी ही विमाने हाताने जोडली ते लोक ओझर, पिंपळगाव आणि नाशिक परिसरात आहेत. कॉकपिटमधली कोणती तार कुठून कुठे जात होती, हे त्यांना विचारून आज कागदावर उतरवता येते.