कोडे घालणाऱ्याचा धर्म

'उलटी वाहणारी नदी गरीब.' हे वाक्य ऐकून कुणाला एखादी लोककथा आठवेल. पण त्याच्यापुढे कंसात 2 हा आकडा लिहिला, की ते शब्दकोड्याचे सूत्र होते. दोन अक्षरी शब्द हवा. 'नदी' उलटी वाचा : 'दीन'. दीन म्हणजे गरीब. वाक्यातला एकही शब्द वाया गेलेला नाही. 'उलटी' ही सूचना, 'नदी' हा कच्चा माल आणि 'गरीब' हा अर्थ. इंग्रजीत याला क्रिप्टिक क्रॉसवर्ड म्हणतात. आपल्या मराठी वृत्तपत्रांतली कोडी बहुधा सरळ अर्थाची असतात. हा वाकडा प्रकार आपल्याकडे 'द हिंदू'सारख्या इंग्रजी दैनिकांतून आला आणि मलाही तिथूनच त्याचा नाद लागला. कोडे सोडवून झाले की मी प्रत्येक सूत्रापुढे पेन्सिलीने शेरा मारतो : 'रास्त', 'ओढूनताणून', 'फसवणूक'. असे शेरे मारायला काही कसोटी लागते. ती कुठून आली, याचीच ही गोष्ट आहे.

शब्दकोडे जन्मले अमेरिकेत. 21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन या संपादकाने शंकरपाळ्याच्या आकाराचे एक कोडे छापले. विन मूळचा लिव्हरपूलचा. त्याची सूत्रे साधी, शब्दकोशातल्या अर्थाची होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत हे वेड इंग्लंडात पोचले आणि तिथे त्याला वाकडे वळण लागले.

ते वळण देण्यात मोठा वाटा होता एडवर्ड पॉइस मेदर्स या कवीचा. 'ऑब्झर्व्हर' या रविवारच्या पत्रात 1926 पासून तो कोडी रचू लागला. टोपणनाव घेतले 'टॉर्केमाडा'. स्पेनमध्ये पाखंड्यांचा छळ करणाऱ्या धर्मन्यायालयाचा हा कुप्रसिद्ध प्रमुख! वाचकांना आपण छळणार, हे त्याने नावातच सांगून टाकले. जाता जाता सांगायला हवे, की बिल्हण कवीच्या 'चौरपंचाशिका' या संस्कृत काव्याचा मुक्त इंग्रजी अवतार याच मेदर्सने केला होता. माणूस विद्वान, कल्पक. पण उत्तर कुठून निघावे याचे बंधन त्याने स्वतःवर फारसे घालून घेतले नाही. कधी नुसता एखादा संदर्भ, कधी अर्थाची दूरची छटा. उत्तर सापडले तरी ते बरोबर आहे याची खात्री पटेलच असे नाही. मला ही गोष्ट मोठी वाटते. अवघड कोडे चालते. पण उत्तर मिळाल्यावरही मन साशंक राहावे, हे चालत नाही.

या तक्रारीला उत्तर दिले दोन शिक्षकांनी. पहिला ॲलिस्टर रिची. एका शाळेचा मुख्याध्यापक, टोपणनाव 'आफ्रिट'. बीबीसीच्या 'लिसनर' या साप्ताहिकात तो कोडी रचत असे. 1949 साली आपल्या कोड्यांच्या पुस्तकात त्याने जो दंडक मांडला, त्याचा आशय असा : कोडे घालणाऱ्याने वाचकाची दिशाभूल खुशाल करावी, पण जे अभिप्रेत आहे ते त्याच्या शब्दांत खरोखर असलेच पाहिजे. आपल्या नदीच्या सूत्रातून 'उलटी वाहणारी' हे शब्द काढून टाका. 'नदी गरीब' एवढ्यावरून 'दीन' ओळखा म्हणणे ही लबाडी झाली.

दुसरा डेरिक मॅकनट, ग्रीक-लॅटिनचा शिक्षक. 1939 साली मेदर्स वारला आणि 'ऑब्झर्व्हर'चे काम मॅकनटकडे आले. पुढे त्यानेही 'झिमेनीझ' हे स्पॅनिश धर्मन्यायाधीशाचेच नाव घेतले, पण वागला खऱ्या न्यायाधीशासारखा. नेमका अर्थ, शब्दाच्या घडणीची रास्त खूण आणि याखेरीज काहीही नाही, असा त्याचा नियम. 1966 साली त्याने यावर पुस्तकच लिहिले.

त्याहून मोलाची मला वाटते ती त्याची स्पर्धा. वाचकांनी कोडे सोडवायचेच, शिवाय दिलेल्या एका शब्दासाठी स्वतः सूत्र रचून पाठवायचे. मग तो एक पत्रक काढी. पहिल्या क्रमांकांची सूत्रे, उल्लेखनीय सूत्रे आणि सोबत बाकीची का बाद झाली याची चर्चा. इथे व्याकरण चुकले, तिथे अर्थ सैल आहे, हा शब्द निव्वळ भरतीचा आहे. हा सगळा काथ्याकूट कशासाठी, तर एका वाक्याच्या सूत्रासाठी! इंग्रजी क्रिप्टिकची कसोटी घडली ती बरीचशी या पत्रकांतून. 1971 साली मॅकनट गेला. 1972 पासून जोनाथन क्राउदर याने ही परंपरा 'एझेड' या नावाने पुढे नेली. डेझा या आणखी एका धर्मन्यायाधीशाच्या नावाची इंग्रजी अक्षरे त्याने उलटी लावली. म्हणजे नदीचे दीन केले तसेच!

ही कसोटी मी स्वतःलाही लावून पाहिली. 'राधा मागे वळताच पावसाची सर' असे दोन अक्षरी सूत्र मी रचले. उत्तर 'धारा'. वाचायला गोड, पण सर आणि धारा एकच का? झिमेनीझच्या पत्रकात हे नक्की बाद झाले असते.

सगळ्यांनाच हा कडकपणा मानवला नाही. 'गार्डियन'मध्ये 1958 पासून कोडी रचणारे पाद्री जॉन ग्रॅहम ऊर्फ 'अराउकारिया' नियम सैल सोडत. कडवे टीकाकार त्यांना नावे ठेवत, वाचक मात्र जीव टाकत. जानेवारी 2013 मध्ये त्यांच्या एका कोड्याच्या प्रस्तावनेत लिहिले होते, की अराउकारियाला अमुक उभा आणि अमुक आडवा शब्द झाला आहे आणि त्यावर अमुक उपचार चालू आहेत. वाचक घरे भरत गेले. एकेक शब्द उमटला : कर्करोग, अन्ननलिका, वेदनाशामक शुश्रूषा. ग्रॅहम तेव्हा 91 वर्षांचे होते. नोव्हेंबरमध्ये ते गेले. ते कोडे मी नंतर मिळवून सोडवले. पेन्सिल हातात होती, पण शेरा मारला नाही.