शब्दार्थाचा अधिकार : जबलपूरच्या निमित्ताने

काही नगरांची नावे लढायांमुळे अमर होतात, काहींची तहांमुळे. जबलपूरचे नाव मात्र भारतीय विधिशास्त्रात एका सरकारी हुद्द्याला जोडून राहिले आहे. 'अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल' हे त्या खटल्याचे पूर्ण नाव. वकिलांच्या बोलण्यात त्यातील प्रतिवादी गळून गेला आणि दंडाधिकारी व नगर एवढेच उरले. शासनाच्या अतिक्रमणाचा विचार करताना आणीबाणीतील हा निकाल एक अपवादात्मक दुःस्वप्न म्हणून बाजूला ठेवण्याची प्रथा आहे. परंतु तो एका दीर्घ परंपरेतील दुवा आहे. कायद्यातील शब्दांचा अर्थ ठरविण्याचा अधिकार शासनाने हळूहळू स्वतःकडे ओढून घेण्याची ती परंपरा होय. साहित्याच्या अभ्यासकाला तिच्यात रस वाटावा याचे कारण उघड आहे. तिचे शस्त्र तुरुंग असले तरी तिचे क्षेत्र भाषा हेच आहे.

या परंपरेचा आरंभ 'अप्रीती' या शब्दापाशी सापडतो. 1897 साली लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी पंचांना सांगितले की, अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव. एखाद्या शब्दाच्या मागील उपसर्गावर इतके मोठे दंडशास्त्र क्वचितच उभारले गेले असेल. ज्या प्रजेच्या मनात सरकारविषयी प्रेम नाही ती या व्याख्येने आपोआप अपराधी ठरते. तिने काही करावयाचीही आवश्यकता नाही. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि राजनिष्ठेचा अभाव व शत्रुत्वाच्या सर्व भावना यांचा अप्रीतीत समावेश करण्यात आला. न्यायाधीशाने केलेला अर्थविस्तार अशा रीतीने कायद्याच्या मूळ मजकुरात जाऊन बसला.

त्याच कलमाखाली 1908 साली नागपुरात माधवराव सप्रे यांना अटक झाली. सप्रे हे जन्माने मराठी आणि कर्तृत्वाने हिंदीचे. दमोह जिल्ह्यातील पथरिया हे त्यांचे जन्मस्थान. टिळकांचा विचार हिंदी वाचकांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी 1907 मध्ये 'हिंदी केसरी' काढला होता. कुटुंबीयांच्या दडपणामुळे त्यांनी क्षमापत्र लिहून दिले व त्यांची सुटका झाली. या घटनेने त्यांना आतून मोडले. पुढील काही काळ त्यांनी जवळजवळ विरक्तासारखा घालविला आणि त्याच काळात 'दासबोधा'कडे ते वळले. 'दासबोध' व 'गीतारहस्य' या दोन्ही ग्रंथांचे हिंदी रूप त्यांच्याच हातचे आहे. दडपशाहीने साहित्याची कधीकधी अशी अनपेक्षित सेवा घडते हे खरे. परंतु त्यासाठी दडपशाहीचे आभार मानण्याचे कारण नाही. याच सप्र्यांच्या प्रेरणेने 1920 च्या जानेवारीत जबलपुरातून 'कर्मवीर' निघाला. माखनलाल चतुर्वेदी त्याचे संपादक झाले आणि 1921 साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांनाही तुरुंगात जावे लागले. त्या काळी पत्र काढण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करावे लागे, आणि 1910 च्या मुद्रण कायद्यान्वये जामिनकीची रक्कम मागावी की माफ करावी हेही तोच ठरवी. ज्या अधिकारपदाच्या दारात 'कर्मवीर'ला उभे राहावे लागले, त्याच पदाच्या नावाने अर्धशतकानंतर सर्वोच्च न्यायालयात अपील दाखल व्हावे, हा इतिहासाचा विलक्षण योग म्हटला पाहिजे.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूरहून राजधानी भोपाळला गेली आणि उच्च न्यायालय जबलपूरला आले. त्या न्यायालयाने 1975 मध्ये असे मानले की, आणीबाणी असली तरी स्थानबद्धतेचा हुकूम कायद्याला धरून आहे किंवा नाही एवढे तरी तपासता येते. त्या वेळी तेथे न्यायमूर्ती असलेले जे. एस. वर्मा पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. इतरही अनेक उच्च न्यायालयांनी तीच भूमिका घेतली. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी ती फेटाळली. सुनावणीत न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी महान्यायवादींना विचारले होते की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैरापोटी माणूस मारला तर काय? आणीबाणी असेपर्यंत उपाय नाही, असे उत्तर आले. बहुमतातील न्यायमूर्ती बेग यांनी तर स्थानबद्धांची सरकार घेत असलेली काळजी जवळजवळ मातेसारखी असल्याचे लिहिले. न्यायालयीन गद्यात उपमा जपून वापराव्यात असे का म्हणतात, हे या एका उपमेवरून कळते.

या निकालात सर्वांत कमी चर्चिली गेलेली गोष्ट म्हणजे गुप्तता. अंतर्गत सुरक्षा कायद्यात दुरुस्ती करून स्थानबद्धतेची कारणे गोपनीय ठरविण्यात आली होती. ती स्थानबद्धाला नाहीत आणि न्यायालयालाही नाहीत. 'अप्रीती'च्या बाबतीत शब्द उघड होता आणि अर्थ लवचिक होता. येथे शब्दच अदृश्य झाला. संदिग्धता आणि गुप्तता या एकाच वृत्तीच्या दोन मुली होत: पहिली वाद घालू देते पण जिंकू देत नाही, दुसरी वादच होऊ देत नाही.

मराठी साहित्यविश्व त्या काळात अगदीच मूक नव्हते. डिसेंबर 1975 मध्ये कऱ्हाड येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण उपस्थित असताना, लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न उभा केला. पुढे त्यांना अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयात मिनू मसानी यांनी 'फ्रीडम फर्स्ट'मधील मजकुरावरील अभ्यवेक्षणाला आव्हान दिले. फेब्रुवारी 1976 मध्ये न्यायमूर्ती मादन व कानिया यांनी निर्णय दिला, त्याचा आशय असा की, सर्व पत्रांना एका सुरात बोलावयास लावणे हे अभ्यवेक्षकाचे काम नव्हे.

आणीबाणी संपली, वृत्ती संपली नाही. संगणकाच्या युगात ती पुन्हा शब्दांच्या रूपानेच परतली. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने 66अ हे कलम आले. अत्यंत आक्षेपार्ह संदेश पाठविणे, अथवा खोटे आहे हे ठाऊक असून त्रास, गैरसोय, धोका, अपमान, द्वेष यांसाठी मजकूर प्रसृत करणे, यांस तीन वर्षांपर्यंत कारावास. गैरसोय आणि धोका एकाच टोपलीत! ज्याने कोणालाही त्रास दिला नाही असे टीकावाङ्मय कोणत्या भाषेत निर्माण झाले आहे? नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्या बंदविषयी फेसबुकवर शंका व्यक्त करणारी एक तरुणी व त्या मजकुराला पसंती दर्शविणारी दुसरी, अशा दोघींना तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्ये अटक झाली. पसंतीची एक खूण हाही अपराध ठरू शकतो, हे स्ट्रॅचीसाहेबांनाही सुचले नसते. त्यांना प्रीतीचा अभाव पुरे होता. येथे प्रीती भलत्या ठिकाणी दर्शविली एवढ्यावर भागले.

श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 रोजी न्यायमूर्ती नरिमन यांनी हे कलम रद्द केले. त्यांचे विवेचन साहित्यसमीक्षकाने मुद्दाम वाचावे असे आहे. अशाच शब्दांवरील ब्रिटिश खटल्यांत एकाच मजकुरावर सुशिक्षित न्यायाधीशांची मते परस्परविरुद्ध पडली, हे त्यांनी दाखवून दिले. जेथे न्यायाधीशांना अर्थ निश्चित करता येत नाही, तेथे फौजदाराने तो कसा करावा? कलमाचा दुरुपयोग होणार नाही ही सरकारची हमी त्यांनी मानली नाही, कारण सरकारे बदलतात आणि कलम राहते. वस्तुतः रद्द झालेले कलमही राहते असा पुढचा अनुभव आहे. पोलीस ठाण्यांत 66अ खाली गुन्हे नोंदविणे चालूच राहिले आणि ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याविरुद्ध पुन्हा आदेश द्यावा लागला.

1976 चा निकाल 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नाकारला गेला. बहुमतात बसलेल्या यशवंतराव चंद्रचूड यांच्या मताला त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी चुकीचे ठरविले, याची वर्तमानपत्रांनी फार चर्चा केली. त्या कौटुंबिक योगायोगापेक्षा खन्ना यांच्या एकाकी मताला न्याय मिळण्यास एकेचाळीस वर्षे लागली हे अधिक महत्त्वाचे आहे. त्यांना स्वतःला जानेवारी 1977 मध्ये ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद नाकारले गेले होते.

एप्रिल 2023 मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन, केंद्र शासनाच्या कारभाराविषयीचा आंतरजालावरील मजकूर खोटा किंवा भ्रामक आहे काय, हे शासननियुक्त तथ्यपडताळणी कक्षाने ठरवावे असे योजिले गेले. वादीच येथे कोशकार झाला. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी 2024 मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल व नीला गोखले यांची मते भिन्न पडली. सप्टेंबरात तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी पटेल यांच्याशी सहमती दर्शविली आणि नियम रद्द झाला. 'भ्रामक' या शब्दाची संदिग्धता हे त्यामागील एक प्रमुख कारण होते.

मात्र श्रेया सिंघल निकालाचा दुसरा भाग फारसा आठवला जात नाही. त्याच न्यायपीठाने संकेतस्थळे रोखण्याचा 69अ कलमाखालील अधिकार कायम ठेवला. त्या संबंधीच्या 2009 च्या नियमांतील सोळावा नियम असे सांगतो की, रोखण्याच्या मागण्या, तक्रारी आणि त्यांवरील कार्यवाही यांबाबत कडक गोपनीयता पाळली जावी.