दशावतारातील ब्रह्मदेव आणि परमेश्वर

तळेऱ्यासह सर्व मालवणी मुलखात जत्रेच्या रात्री दशावतार रंगतो. त्याच्या आडदशावतारात संकासुर ब्रह्मदेवाचे वेद पळवितो व विष्णू त्याचा वध करितो. ज्याचे वेद चोरीस जातात असा सृष्टिकर्ता परमेश्वराचे प्रतिरूप मानावा काय? याचे उत्तर शब्दार्थात आहे. पुराणांत ब्रह्मदेव विष्णूच्या नाभिकमळातून उपजतो. म्हणून ‘सृष्टिकर्ता’ हा आपल्याकडे एक अधिकार होय, ‘परमेश्वर’ त्याहून निराळा. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तपुराणात फादर स्टीफन्स यांनी मात्र परमेश्वरालाच सृष्टिकर्ता म्हटले. तेथे सृष्टिकर्त्याची फजिती देवनिंदा ठरली असती. येथे ठरत नाही. यास्तव संकासुराच्या मालवणी थट्टेला हसणारा प्रेक्षक त्याच रंगमंचावरील गणपतीस निःशंकपणे हात जोडतो.