उत्तरेकडचा उजेड



ज्याचे आयुष्य हमाल-कामगारांच्या संघटनेत गेले, त्याने छायाचित्रणाच्या इतिहासावर बोलावे हे आपल्याला चमत्कारिक वाटेल. म्हणून कारण आधी सांगतो. लातूरच्या आडत बाजारातील एक हमाल वारला. तेराव्यानंतर त्याची बायको कचेरीत आली. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. संघटनेच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून मिळेल का, एवढेच तिने विचारले. तो फोटो मीच काढला होता, भर दुपारी, गोदामापुढे उभे करून. ऊन डोक्यावर होते. डोळ्यांच्या जागी सावलीचे दोन खड्डे पडले होते. फोटो मोठा केला तेव्हा ते खड्डेही मोठे झाले. बाई काही बोलली नाही. पदराआड धरून फोटो घेऊन गेली. त्या दिवसापासून मी उजेड शिकायला बसलो, आणि शिकता शिकता इतिहासात शिरलो.

छायाचित्रणाची डागेरची रीत १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. प्रारंभीची चित्रे पाहिली तर त्यांत माणसांपेक्षा पुतळे, शिंपले, भांडी अधिक दिसतात. कारण साधे आहे. उजेड टिपायला मिनिटेच्या मिनिटे लागत आणि भांडे हलत नाही! माणसाचे चित्र काढू लागल्यावर त्याचे डोके मागून लोखंडी चिमट्यात धरून ठेवीत. जुन्या फोटोंतील माणसे इतकी गंभीर का, याचे अर्धे उत्तर त्या चिमट्यात आहे.

ही विद्या आपल्याकडे यायला फार वेळ लागला नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या पहिल्या हिंदी सभासदांपैकी. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. म्हणजे १८५७ च्या आधीच आपली मुले काचेवर उजेड धरायला शिकत होती.

परंतु आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि आपल्या भागाची गोष्ट हैदराबादेकडून येते. तिचा नायक लाला दीनदयाळ. जन्म १८४४ चा, मीरतजवळच्या सरधन्याचा. रुरकीला शिकून तो इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीस लागला आणि १८७४ च्या सुमारास त्याने कॅमेरा हाती घेतला. पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांचा तो दरबारी छायाचित्रकार झाला. सिकंदराबादेत त्याची पेढी उभी राहिली. १८९२ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी त्याने निराळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती सोपवला. १८९४ मध्ये निजामाने त्याला ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. वेरूळ, दौलताबाद, औरंगाबादचा मकबरा यांची त्याच्या पेढीने काढलेली चित्रे आजही पाहावयास मिळतात. १९०५ मध्ये तो वारला.

त्या काळचे स्टुडिओ सूर्यावर चालत. छताला नाही तर भिंतीला काच, आणि तीही बहुधा उत्तरेकडे. कारण तिकडून ऊन थेट आत येत नाही, आकाशाचा थंड उजेड येतो आणि तो दिवसभर फारसा बदलत नाही. काचेखाली पडदे असत. ते ओढून उजेड कमीजास्त करीत. मात्र हा नियम युरोपात ठरलेला. नांदेड आणि लातूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहेत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला झुकतो. तेव्हा उत्तरेच्या दारालाही पांढऱ्या धोतराचा पडदा लावावा लागतो. पुस्तकातली विद्या गावाच्या उन्हात तपासून घ्यावी लागते, ती अशी.

आता मला टोचलेली गोष्ट सांगतो. दीनदयाळच्या पेढीने नवाबांची, सरदारांची, साहेबांची चित्रे काढली. त्या प्रत्येकाखाली नाव आहे, पदवी आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबादकडील उपाशी माणसांचीही चित्रे त्याच पेढीने काढली. बरगड्या मोजाव्यात अशी ती माणसे, कमरेला लंगोटी. त्यांच्याखाली नाव नाही. ‘दुष्काळग्रस्तांचा समूह’ एवढीच त्यांची ओळख. उजेड दोघांवर सारखाच पडला होता. नाव लिहिताना भेद झाला. मी याचा दोष एकट्या छायाचित्रकारावर टाकत नाही. चित्र ज्याच्यासाठी काढले जाई, त्याला त्या माणसांच्या नावाची गरज नव्हती.

गरिबालाही कॅमेऱ्याचा विश्वास नव्हता. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले आणि त्यांनी गोध्र्याला धंदा मांडला. तिथे प्लेगमध्ये त्यांची बायको आणि मूल गेले. पुढे बडोद्यातही धंदा चालेना, कारण फोटो काढला की अंगातली शक्ती जाते अशी लोकांत समजूत पसरली होती. याच माणसाने १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची रोज थोडी थोडी चित्रे घेऊन ‘अंकुराची वाढ’ हा लहानसा चित्रपट केला, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. दादासाहेबांनीही आधी न बोलणाऱ्या, न हलणाऱ्या वस्तूपुढे महिनाभर बसून धीर शिकून घेतला.

मीही तसाच शिकलो. घराच्या उत्तरेच्या दारात पाण्याचा तांब्या ठेवला. पहिल्या दिवशी त्याची एक बाजू पांढरीफटक, दुसरी काळी ठिक्कर. मग दुसऱ्या बाजूला धुतलेले धोतर टांगले. त्यावरून परतलेल्या उजेडाने काळी बाजू उजळली आणि पितळ पितळासारखे दिसू लागले. नंतर ज्वारीचे कणीस ठेवले, हमालाचा लोखंडी हूक ठेवला. महिन्याने माणूस बसवला. त्याला उंबऱ्याच्या हातभर आत घ्यायचे, तोंड जरासे दाराकडे वळवायचे, आणि डोळ्यांत दाराचा पांढरा ठिपका दिसेपर्यंत थांबायचे. ठिपका दिसला की डोळे जिवंत होतात. एवढीच माझी सारी विद्या.

त्यानंतर नांदेड-लातूरच्या आमच्या सभासदांचे फोटो मी असेच काढले. कोणी विचारते, ओळखपत्राच्या इंचभर फोटोला इतका खटाटोप कशाला? त्यांना मी त्या बाईची गोष्ट सांगतो.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तेव्हा एक विनंती करून थांबतो. घरात जे म्हातारे माणूस असेल, शेतात राबलेले, गिरणीत झिजलेले, त्याला उद्या सकाळी नऊच्या सुमारास दाराशी बसवा. फोटो काढा, कागदावर उतरवून घ्या, आणि मागे त्याचे पूर्ण नाव, गाव, काम आणि तारीख लिहा. औरंगाबादच्या त्या माणसांच्या चित्रामागे हे लिहायला कोणी नव्हते. आपल्या घरात आपण आहोत.